प्लांटेड टँकचा फोटो: खोलीत अंधार, वरून उजेड, काचेला काटकोन

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरातल्या एका घरी दोन फुटी प्लांटेड टँक, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेली माशांची टाकी, आहे, दोन फूट लांब, पुढून मागे एक फूट खोल आणि पंधरा इंच उंच. वर तीस वॅटचा एलईडी लाइट. नुकताच एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरचा मिररलेस कॅमेरा घेतलाय, सोबत १८-५५ मिमीची किट लेन्स. समोर बसून पाहिलं की टाकी सुरेख दिसते. फोटोत मात्र पाणी हिरवट, रोटाला या झाडाचा लाल रंग फुटून नुसता गुलाबी डाग, निऑन टेट्रा मासे पुसट, आणि काचेत खिडकी, पंखा आणि फोटो काढणारा माणूस. विचारणा अशी की लेन्स बदलावी की लाइट?

सध्या दोन्ही बदलू नका. या तक्रारींपैकी एकही कॅमेऱ्याच्या किमतीशी बांधलेली नाही. खोलीतला अंधार, उजेडाची दिशा आणि काचेशी कॅमेऱ्याचा कोन, या तीन गोष्टी जमल्या की किट लेन्सवरही छापून भिंतीवर लावण्याजोगा फोटो येतो. त्या जमल्या नाहीत तर लाखाची लेन्सही काचेतला पंखाच टिपेल.

काचेपासून सुरुवात करू, कारण सोलापुरात बहुतेक फोटो तिथेच बिघडतात. नळ रोज येत नाही, त्यामुळे साठवलेलं किंवा बोअरचं पाणी टाकीत जातं, आणि बोअरचं पाणी जड असतं. उन्हाळ्यात बाष्पीभवन जोरात होतं, पाणी बोटभर खाली उतरतं आणि काचेवर क्षाराची पांढरी रेघ उरते. डोळ्याला ती रेघ सवयीची होते, कॅमेऱ्याला होत नाही. वरून लाइट पडला की ती फोटोत खडूने ओढल्यासारखी चमकते. बाहेरच्या बाजूला व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन कापड ओलं करा, ते रेघेवर दोन-तीन मिनिटं दाबून धरा आणि मग पुसा. स्प्रे मारू नका, थेंब टाकीत जातात. आतल्या बाजूची रेघ असेल तर पाणी तिच्या खाली उतरवून ब्लेडच्या स्क्रेपरने काढा. ब्लेड फक्त काचेसाठी. टाकी अ‍ॅक्रिलिकची असेल तर जुनं प्लास्टिकचं एटीएम कार्ड वापरा, नाहीतर पडलेला ओरखडा कायमचा. मॅग्नेट क्लीनर फिरवण्याआधी त्यात वाळूचा कण अडकला नाही ना, हे बोटाने चाचपून घ्या. पुसायला आपला सोलापुरी टर्किश टॉवेल कितीही चांगला असला तरी इथे नको, त्याच्या फाशांचे तंतू काचेला चिकटतात. मायक्रोफायबर घ्या, आणि शेवटचा हात कोरड्या कापडाचा.

ही साफसफाई फोटोच्या आदल्या दिवशी करायची. आतली शेवाळ खरवडली, ड्रिफ्टवूड हलवलं, झाडं छाटली की बारीक कचरा तासन्‌तास तरंगत राहतो, आणि वरून उजेड पडल्यावर प्रत्येक कण पांढरा ठिपका होतो. छाटणी, तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी बदलणं आणि फिल्टरचा स्पंज धुणं हे सगळं आदल्या दिवशी उरका. नळाचं पाणी असेल तर अँटी-क्लोरीन टाकूनच. पाणी बदलल्याबरोबर फोटो काढू नका. दाबाने आलेल्या पाण्यातली विरघळलेली हवा बारीक बुडबुडे होऊन काचेला, पानांना आणि माशांच्या आसपास चिकटते. ड्रिफ्टवूडमुळे पाण्याला चहाची छटा आली असेल तर फिल्टरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी एक-दोन दिवस ठेवा. संगणकावर पिवळेपणा काढता येतो, पण त्यासोबत नव्या पानांचा पोपटी रंगही मरतो.

आता वेळ. रोटाला, लिम्नोफिला, कॅबोम्बा यांसारखी झाडं लाइट लागल्यावर काही वेळाने पूर्ण उमलतात आणि लाइट जायच्या आधीच शेंडे मिटायला लागतात. फोटोला हवा मधला काळ. पण खोलीत काळोखही हवा, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात सात-सव्वासातपर्यंत बाहेर उजेड असतो. म्हणून टायमर बदला. फोटोच्या आधीचा आठवडाभर लाइट दुपारी साडेतीन-चारला लागेल आणि अकरा-साडेअकराला जाईल असं ठेवा. संध्याकाळी साडेसात ते साडेआठ हा तास तुमचा. तोवर लाइट लागून चारेक तास झालेले असतात. कार्बन डायऑक्साइड देत असाल तर पानांच्या टोकांवर ऑक्सिजनचे मोती धरू लागतात, ते फोटोत हवेच असतात. जमलं तर मोठं फोटोशूट थंडीतच ठेवा, जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास. एप्रिल-मेमध्ये पाणी तिशीच्या वर गेलं की झाडं थकलेली असतात, मासे वर येऊन श्वास घेतात, आणि फिल्टर बंद ठेवायला मिळणारा वेळही कमी होतो. त्याबद्दल पुढे येतंच.

खोली अंधारी करणं म्हणजे नुसता ट्यूबलाइट बंद करणं नाही. टीव्हीचा लाल दिवा, राउटरचे हिरवे ठिपके, इन्व्हर्टरचा डिस्प्ले, देव्हाऱ्यातला छोटा बल्ब, शेजारच्या गॅलरीतून येणारा उजेड, यातलं काहीही काचेत दिसू शकतं. खिडकीवर जाड सोलापुरी चादर टांगा, साध्या पडद्यापेक्षा ती उजेड कितीतरी चांगला अडवते. पण तीच चादर कॅमेऱ्याच्या मागे टांगू नका. टाकीतून बाहेर येणारा उजेड समोरच्या प्रत्येक गोष्टीवर पडतो आणि ती गोष्ट काचेत परत दिसते. चादरीवरचा लाल-पिवळा मोर मग तुमच्या अनुबियासच्या पानावर येऊन बसतो. कॅमेऱ्याच्या मागे काळंच कापड हवं. चाटी गल्लीत काळं मखमल किंवा साधं काळं पॉपलीन सहज मिळेल. मखमल जास्त चांगलं, कारण ते उजेड गिळतं. दोन मीटर कापड दोरीवर टांगा, मधोमध लेन्सच्या घेराएवढं भोक पाडा आणि लेन्स त्यातून बाहेर काढा. अंगातला शर्ट काळा, घड्याळ आणि अंगठी काढलेली, कॅमेऱ्याच्या पट्ट्यावरची पांढरी अक्षरं दुमडून आत. कॅमेऱ्याचा ऑटोफोकसला मदत करणारा दिवा मेन्यूतून बंद करा, तो काचेत नारिंगी ठिपका होऊन दिसतो.

प्रतिबिंब घालवायला पोलरायझर घ्या असा सल्ला हमखास मिळतो. तो पैसा वाचवा. काचेवरच्या प्रतिबिंबावर पोलरायझरचा सर्वांत जास्त परिणाम काचेच्या लंबाशी साधारण ५६ अंशांचा कोन असताना होतो. तुम्ही टाकीसमोर सरळ उभे असता तेव्हा त्याचा परिणाम जवळपास शून्य, आणि वर दीड स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा होणं) आसपास उजेड मात्र तो खातो. तिरकं उभं राहून तो वापरायचा म्हटलं तर दुसरी, मोठी अडचण उभी राहते.

ती अडचण म्हणजे काच आणि पाण्यातून होणारं वक्रीभवन. काचेकडे काटकोनात पाहिलं तर प्रतिमा शाबूत राहते. कोन जसा तिरका होतो तसे वेगवेगळे रंग वेगवेगळे वळतात आणि पांढऱ्या वाळूच्या किंवा माशाच्या कडेला निळी-नारिंगी किनार येते. प्रतिमा मऊ पडते, आणि ही मऊपणाची तक्रार लोक लेन्सवर ढकलतात. किट लेन्सवरचा निम्मा राग इथेच उतरतो. तेव्हा लेन्सचा अक्ष काचेला काटकोनातच राहू द्या. उंचीही तपासा. कॅमेरा टाकीच्या उंचीच्या मध्यावर हवा, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर नाही. याची सोपी खूण म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग फोटोत वरून दिसू नये आणि डाव्या-उजव्या बाजूच्या काचा सारख्याच रुंदीच्या दिसाव्यात. पुढची काच गोलाई असलेली असेल तर पूर्ण टाकीचा फोटो थोडा वाकणारच. अशा टाकीत मधल्या भागाचे जवळचे फोटो घ्या.

पूर्ण टाकीच्या फोटोसाठी १८ मिमीवर जवळ जाऊ नका. एपीएस-सी सेन्सरवर टाकीच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा धरून सत्तर सेंटिमीटर रुंदी चौकटीत बसवायची तर १८ मिमीला जेमतेम अर्ध्या मीटरवर जावं लागतं. तिथून बाजूच्या काचा आतून दिसतात, मागची झाडं आखूड होतात आणि टाकी डब्यासारखी वाटते. ३५ मिमीवर तुम्ही एक मीटर दूर असता, ५० मिमीवर दीड मीटर. घराच्या हॉलमध्ये ३५ ते ५० मधला पल्ला बहुतेकांना जमतो. ट्रायपॉड लावा, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करा आणि दोन सेकंदांचा टायमर ठेवा.

लेन्सचं छिद्र किती ठेवायचं (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान), याचा हिशेब करून बघा. ३५ मिमी, एक मीटर अंतर आणि एफ/५.६ असेल तर साधारण अठरा सेंटिमीटरची खोली फोकसमध्ये राहते. एफ/८ ला ती सव्वीसच्या आसपास जाते. टाकी आत तीस सेंटिमीटर खोल आहे, पण पाण्यातून पाहताना खोली तीन चतुर्थांशच भासते आणि लेन्सलाही ती तशीच दिसते, म्हणजे साडेबावीस. म्हणजे एफ/८ ला पुढच्या वाळूपासून मागच्या झाडांपर्यंत सगळं आत येतं. फक्त फोकस पुढच्या काचेवर नाही, आत दहाएक सेंटिमीटरवरच्या एखाद्या दगडाच्या कडेवर धरायचा. तिथे कॅमेऱ्यात झूम करून हाताने फोकस करा आणि मग तो सोडून द्या. एफ/१६ पर्यंत नेण्याची गरज नाही, तिथे विवर्तनाने, म्हणजे फार लहान छिद्रातून उजेड पसरल्याने, पानांच्या शिरा मऊ होतात.

एक्सपोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, पूर्ण मॅन्युअल ठेवा. टाकीचा लाइट बदलत नाही, मग कॅमेऱ्याला दर फोटोला नवा विचार करू देण्यात अर्थ नाही. तुमच्या तीस वॅटच्या लाइटखाली पूर्ण टाकीसाठी एफ/८, शटर १/१०० सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० पासून सुरुवात करा. मासे थोडे हलतील, त्यावर पुढे बोलू. फाइल रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) घ्या, रॉ आणि जेपेग दोन्ही घेतल्या तर उत्तम. आणि एक चूक नव्या कॅमेऱ्यावर जवळपास सगळ्यांची होते. अंधाऱ्या खोलीत मागचा स्क्रीन झगझगीत दिसतो, फोटो छान उजळ आलाय असं वाटतं, आणि सकाळी संगणकावर तो काळवंडलेला निघतो. स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघा. तोही तिन्ही रंगांचा, नुसत्या उजेडाचा नाही.

रोटाला गुलाबी डाग का होते याचं उत्तर याच तीन रंगांच्या हिस्टोग्राममध्ये आहे. प्लांटेड टँकचे लाल-हिरवे-निळे एलईडी असलेले लाइट झाडं खुलून दिसावीत म्हणून लाल आणि हिरवा भडक देतात. एकूण उजेडाचा आलेख मध्यावर असतो, कॅमेरा म्हणतो सगळं ठीक, पण लाल रंगाचा आलेख एकटाच उजव्या भिंतीला जाऊन आपटलेला असतो. पान लाल आहे एवढीच माहिती उरते, पानाची शीर, सुरकुती, कडेची सावली सगळं सपाट. कॅमेऱ्यात हायलाइट वॉर्निंग चालू करा आणि रोटालाच्या शेंड्यावर झूम करा. तिथे काळं-पांढरं लुकलुकलं की शटर १/१०० वरून १/१६० करा किंवा आयएसओ १००० वर आणा. ही सूचना बहुतेक कॅमेऱ्यांत एकूण उजेडावर चालते, म्हणून लुकलुक थांबली तरी लाल आलेख भिंतीपासून सुटलाय का ते वेगळं पाहा. बाकीची टाकी थोडी काळोखी आली तरी चालेल, सावली रॉमधून उचलता येते. फुटलेला लाल परत आणता येत नाही. लाइटला रिमोट किंवा अ‍ॅप असेल तर फोटोपुरता लाल रंग पंधरा-वीस टक्के कमी करा, हा त्याहून चांगला उपाय.

हिरवटपणा जातो तो व्हाइट बॅलन्सने, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं यासाठी कॅमेऱ्याला दिलेल्या रंगाच्या मापाने. ऑटो व्हाइट बॅलन्सला चौकटभर हिरवं दिसलं की तो भरपाई म्हणून जांभळट रंग ओततो, आणि पुढच्या फोटोत मासा मध्ये आला की पुन्हा विचार बदलतो. फ्लेक्सचं काम करणाऱ्याकडून पांढऱ्या सनबोर्डचा चार बाय चार इंचाचा तुकडा मागून आणा. धुवून, चिमट्याने धरून टाकीच्या मध्यभागी पाण्यात उभा धरा. तो तरंगायला बघतो, धरून ठेवावा लागतो. त्याचा फोटो असा घ्या की तो चौकटीचा मधला भाग व्यापेल आणि पांढरा फुटणार नाही. मग मेन्यूत कस्टम व्हाइट बॅलन्सला तोच फोटो द्या. टाकीच्या बाहेर पांढरा कागद धरून केलेलं माप चुकतं, कारण पाण्याची छटा त्यात येत नाही. दर वेळी लाइटच्या सेटिंगला हात लावलात की हे माप पुन्हा घ्या.

फोटोवर आडवे काळे-पांढरे पट्टे येत असतील तर कॅमेरा खराब नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त ड्रायव्हरचा एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. १/५० आणि १/१०० ला प्रत्येक फोटोत पूर्ण लुकलुक सामावते, म्हणून पट्टे येत नाहीत. १/२५० ला येतात. डिमरने मंद केलेले लाइट त्याहून वेगाने लुकलुकतात, तेव्हा डिमर शंभर टक्क्यांवर ठेवून बघा. इलेक्ट्रॉनिक किंवा सायलेंट शटर बंद करून मेकॅनिकल लावा, पट्टे निम्म्याहून कमी होतात. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. चाचणीला तोच सनबोर्ड वापरा. त्याचा १/१००, १/२५० आणि १/५०० ला फोटो घेतला की तुमचा लाइट कुठपर्यंत साथ देतो ते पाच मिनिटांत कळतं. जास्तीचा उजेड म्हणून इलेक्ट्रिकच्या दुकानातला पन्नास वॅटचा फ्लडलाइट आणण्याआधी दुकानातच तो मोबाइलच्या व्हिडिओत बघा. स्क्रीनवर पट्टे सरकताना दिसले तर घेऊ नका.

फोटोच्या आधी टाकीतली उपकरणं बाहेर. डिफ्यूजर (कार्बन डायऑक्साइडचे बारीक बुडबुडे सोडणारा), थर्मामीटर, ड्रॉप चेकर (त्या वायूचं प्रमाण दाखवणारा). हीटर असेल तर आधी बंद करून पंधरा मिनिटांनी काढा, गरम काच हवेत आली की तडकते. कार्बन डायऑक्साइड अर्धा-एक तास आधी बंद करा, कारण त्याचं धुकं फोटोत धुरळ्यासारखं दिसतं. पृष्ठभागावर तेलकट साय असेल तर वर्तमानपत्राचा कागद अलगद टेकवून उचला. फिल्टर मात्र अगदी शेवटी, ट्रायपॉड लागल्यावर आणि सेटिंग ठरल्यावरच बंद करायचा, त्याचे पाइपही तेव्हाच काढायचे. थंडीत अर्धा तास चालतो. कडक उन्हाळ्यात दहा-पंधरा मिनिटांच्या वर नको, कारण पाणी गरम झालं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. मासे वर तोंड काढू लागले की फोटो थांबवा, एअर पंप लावा. मोबाइलवर गजर लावल्याशिवाय फिल्टर बंद करू नका. चांगला फोटो मिळत असताना वेळेचं भान राहत नाही.

पार्श्वभूमीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. लाल झाडं आणि चमकणारे मासे असतील तर काळी, पोपटी झाडं आणि मोकळं पाणी दाखवायचं असेल तर पांढरी. निसर्गचित्रं छापलेला निळा कागद दोन्हींचा घात करतो. पांढऱ्यासाठी मागच्या काचेला ट्रेसिंग पेपर लावा आणि त्याच्या मागे, एक फूट अंतरावर, भिंतीकडे तोंड करून छोटा एलईडी ठेवा, म्हणजे उजेड भिंतीवरून उलटून मऊ येतो. आता पांढऱ्या पार्श्वभूमीवर कॅमेरा फोटो काळवंडवतो आणि काळीवर नको तितका उजळ करतो. मॅन्युअलवर असाल तर हा खेळ तुम्हाला लागू नाही, अर्ध-स्वयंचलित मोडवर असाल तर पांढऱ्याला अधिक पाऊण स्टॉप आणि काळ्याला उणे पाऊण द्या. प्लांटेड टँकच्या फोटोची ही सगळी शिस्त घडवली ती जपानच्या ताकाशी अमानो यांनी (१९५४-२०१५). ते झाडांच्या टाक्या रचणारे होते तितकेच व्यवसायाने छायाचित्रकारही होते, मोठ्या फॉरमॅटच्या कॅमेऱ्यावर काम करणारे. त्यांच्या टाक्यांच्या फोटोत पृष्ठभागावर जी हलकी लहर दिसते, तिच्यासाठी लोक हेअर ड्रायर धरतात. पाण्यावर विजेचं यंत्र हातात धरू नका. पुठ्ठ्याने वारा घाला, तेवढीच लहर उठते.

मासे हा वेगळा विषय आहे. पूर्ण टाकीच्या सेटिंगवर मासे नीट येतील ही अपेक्षा सोडा. एंजल, गुरामी, फायटर असे रेंगाळणारे मासे १/१०० ला जमतात. निऑन आणि गप्पीला १/२०० ते १/२५० लागतं, डॅनिओला १/५०० हूनही जास्त. त्यासाठी छिद्र उघडा, किट लेन्सवर ५५ मिमीला एफ/५.६, आणि आयएसओ ३२०० पर्यंत जाऊ द्या. दाणेदार पण तीक्ष्ण फोटो सुधारता येतो, हललेला फोटो नाही.

माशाच्या मागे कॅमेरा फिरवू नका. तुम्ही फिरवाल तितका तो मासा पळेल आणि तुमचा काटकोनही जाईल. टाकीत एक मोकळी जागा निवडा, पुढच्या काचेपासून दोन-तीन इंच आत, मागे गडद झाड असेल अशी. तिथल्या एखाद्या पानाच्या टोकावर हाताने फोकस करा आणि थांबा. समोर माणूस आला की भुकेला मासा पुढे येतोच, म्हणून त्या दिवशी खाणं फोटोनंतर द्या. फार झालं तर एक चिमूट त्या जागेच्या वर टाका. जास्त टाकलं की पाण्यात कण पसरतात. आता निऑन त्या चौकटीत शिरताना बघा. तो सरळ तुमच्याकडे येत असेल तर बटण दाबू नका, तोंडच मोठं येतं. तो वळतो, क्षणभर त्याचं अंग काचेला समांतर होतं, निळी पट्टी डोळ्यापासून पाठीच्या मागच्या टोकापर्यंत अखंड पेटते, पाठीवरचा पंख उभा राहतो. तेवढ्यात चार-पाच फोटोंचा बर्स्ट. ती निळी पट्टी रंगद्रव्याची नाही, खवल्यांखालच्या स्फटिकांतून परतणाऱ्या उजेडाची आहे, म्हणून कोन जरा बदलला की ती विझते. डोळा तीक्ष्ण नसेल तर फोटो ठेवू नका, बाकी कितीही सुंदर असला तरी. शंभरातले पाच चांगले निघाले तर संध्याकाळ सार्थकी लागली असं समजा.

माशांसाठी पुढची पायरी म्हणजे सुटा फ्लॅश, आणि पैसे खर्च करायचेच असतील तर लेन्सच्या आधी यावर करा. कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश काचेत पांढरा गोळा होतो, म्हणून तो वायरलेस ट्रिगरने टाकीच्या वरून खाली मारायचा. टाकीवर काचेचं झाकण ठेवा. फ्लॅशला पारदर्शक पिशवी घाला, वाफेपासून बचाव होतो. दोन फुटी खोका उलटा करून त्याला आतून पांढरा कागद चिकटवा, खालच्या तोंडाला ट्रेसिंग पेपर लावा, वर भोक पाडून फ्लॅशचं डोकं बसवा. हा खोका टाकीच्या मध्यावर नको, पुढच्या काचेकडे सरकवलेला हवा. मध्यावर असला की माशाची पाठ उजळते आणि आपल्याकडची बाजू सावलीत जाते. कॅमेरा एफ/८, १/१६०, आयएसओ २००, फ्लॅश मॅन्युअलवर १/३२. फोटो काळा आला तर १/१६. या सेटिंगला टाकीचा लाइट फोटोत जवळजवळ उमटतच नाही, सगळा उजेड फ्लॅशचा, आणि तो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात येऊन जातो, त्यामुळे डॅनिओसुद्धा गोठतो. पट्ट्यांचा प्रश्नही मिटतो. व्हाइट बॅलन्स मात्र आता फ्लॅशचा, ५५०० केल्व्हिनच्या आसपास. टाकीचा लाइट चालूच ठेवा, अंधारात अचानक फ्लॅश झाला तर मासे काचेवर आदळतात. पहिले दोन-तीन फ्लॅश कमी ताकदीचे द्या, मग ते लक्ष देत नाहीत. वायर टाकीच्या पातळीखाली झोळ देऊन मग वर प्लगकडे न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता झोळातून खाली पडतं. हा नियम फ्लडलाइटलाही लागू.

झिंगे आणि मॉसवरचे बुडबुडे यांच्यासाठी मॅक्रो लेन्सआधी एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) घ्या, १० आणि १६ मिमीची जोडी, विद्युत संपर्क असलेली, नाहीतर छिद्र बदलता येणार नाही. १६ मिमी ट्यूब आणि ५५ मिमी एकत्र असताना लेन्स काचेच्या अगदी जवळ जाते. रबरी हूड लावून लेन्स थेट काचेला टेकवली की प्रतिबिंबाचा प्रश्नच उरत नाही आणि काटकोन आपोआप साधतो. इथे फोकसची खोली काही मिलिमीटरच असते, म्हणून झिंग्याचे डोळे आणि पुढचे पाय एका पातळीत येतील अशी वाट बघा. ट्यूब लावताना पंखा बंद करा आणि कॅमेऱ्याचं तोंड खाली ठेवा. आपल्याकडची बारीक धूळ सेन्सरवर बसली की पुढच्या प्रत्येक फोटोत मोकळ्या पाण्यात राखाडी ठिपका दिसतो.

संगणकावर काम थोडंच ठेवा. सनबोर्डच्या फोटोवर ड्रॉपर लावून व्हाइट बॅलन्स सगळ्या फोटोंना लागू करा, पाण्याची रेघ आडवी सरळ करा, धुकं काढणारी पट्टी दहा-वीसच्या वर नेऊ नका, उरलेले कण एकेक करून पुसा. हिरव्याचं सॅच्युरेशन वाढवण्याचा मोह होतो. त्याऐवजी पिवळ्याचा उजेड थोडा वाढवा, नवी पानं आपोआप उठून दिसतात.

गजर वाजला की आधी फिल्टर. पाइप परत बसवताना हवा अडकते, मोटर चालू असते पण पाणी वाहत नाही. बाहेरच्या पाइपच्या तोंडाशी हात धरून प्रवाह येतोय याची खात्री करा, मग कार्बन डायऑक्साइड, मग हीटर पाण्यात पूर्ण बुडाल्यावरच त्याचा स्विच. आणि सगळ्यांत शेवटी माशांचं राहिलेलं खाणं.